पाव पानाची जाहिरात

स्मरणिका समितीचे पत्र आले त्या दिवशी आमच्या पडवीत पापड डब्यांत भरण्याचे काम चालले होते. पत्रात दोन विनंत्या होत्या. माजी विद्यार्थिनी या नात्याने एक लेख द्यावा आणि स्वतःचा व्यवसाय असल्यास एक जाहिरातही द्यावी. पूर्ण पान, अर्धे पान, पाव पान यांचे दर खाली दिले होते. लेखाचा विषय समितीने माझ्यावर सोपविला होता. जाहिरातीचा मजकूर मात्र ‘पूर्ण नाव व पत्त्यासह’ मागितला होता. पाव पान मला परवडण्यासारखे आहे. परंतु ‘पूर्ण नाव’ या दोन शब्दांपाशी मी बराच वेळ थांबले आणि लेखाचा विषय मला तेथेच मिळाला.

आपल्या शाळेची एक जुनी स्मरणिका माझ्या पेटीत आहे. तिच्यातील लेख मी एकदोनदा वाचले असतील. जाहिराती मात्र अनेकदा वाचल्या. (मान्यवरांचे शुभसंदेश कोणीच वाचत नाही, हे संपादकांनी मनावर घेऊ नये.) वीट-वाळू पुरविणारे, विमा प्रतिनिधी, शिवणवर्ग चालविणाऱ्या ताई, मंडपवाले, निवृत्त तलाठी, एस.टी.तील वाहक. ज्यांच्याजवळ विकण्यासारखे काही नव्हते त्यांनी नुसते ‘शुभेच्छुक’ म्हणून नाव छापून घेतले होते. त्या साऱ्या चौकटींत एक गोष्ट सारखी होती. प्रत्येकाचे स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव आणि गाव पूर्ण छापलेले होते. आपल्याच माणसांच्या पुस्तकात आडनाव झाकण्याचे कारण नव्हते.

माझ्या मोबाइलवरील जाहिरातीत ते जवळजवळ तीन वर्षे नव्हते.

मी डोलवीची सून. डोलवी हे नाव इंटरनेटवर शोधले तर पोलाद दिसते. भट्ट्या, जेटी, टनांचे आकडे. धरमतरच्या खाडीकाठी १९९० च्या दशकात पोलादाचा कारखाना उभा राहिला आणि मुंबई-गोवा महामार्गावरील या खारपट्टीतल्या गावाची ओळख बदलली. आमच्या घरातील पुरुषमाणसे ठेकेदाराकडे पाळीने कामाला जातात. पेणचे नाव मात्र पूर्वीपासून दोन गोष्टींमुळे घरोघर पोचलेले आहे: गणपती आणि पापड. हमरापूर-जोहे भागात मूर्तींचे कारखाने आहेत, तर पेण गावात पोह्यांचे पापड आणि मिरगुंड करणारी घरे. लग्नानंतर मी वडखळहून मिनीडोरने पेणला जाऊन अशा एका ठिकाणी पापड लाटू लागले. किलोमागे मजुरी मिळे. पोह्याच्या पिठात पापडखार, हिंग आणि तिखट घालून भिजविलेला गोळा कुटून कुटून मऊ करावयाचा, त्याच्या लाट्या करावयाच्या आणि पलीकडचे बोट दिसेल इतका पातळ पापड लाटावयाचा. हे पापड सावलीत वाळवावे लागतात. कडक ऊन लागले की कडा मुरडतात. सात वर्षे मी हे काम केले. माझ्या हातचे पापड दादर, ठाणे, पुणे येथे कोणाच्या ताटात पडले असतील ते मला ठाऊक नाही. पाकिटावर दुसऱ्याचे नाव असे. लाटणाऱ्या बाईचे आडनाव काय, हे त्या सात वर्षांत एकाही गिऱ्हाइकाने विचारले नाही.

२०२० च्या मार्चमध्ये सारे बंद झाले. तो नेमका पापडांचा हंगाम. मजुरी थांबली, यजमानांच्या पाळ्याही थांबल्या. घरात पाच किलो पोहे होते, त्यांचे मी पापड केले. विकण्याचा विचारही नव्हता. मुलीने त्यांचे छायाचित्र व्हॉट्सॲपच्या स्टेटसला ठेवले आणि आपल्या शाळेच्या तुकडीच्या गटातही टाकले. दुसऱ्या दिवशी सकाळी पनवेलहून माझ्या वसतिगृहातील मैत्रिणीचा फोन आला. अडीच किलो हवे होते. पोचवायचे कसे, हा प्रश्न तिनेच सोडविला. तिच्या ओळखीचा भाजीचा टेम्पो रोज त्या रस्त्याने जात होता. माझ्या व्यवसायाचे पहिले गिऱ्हाईक ही आपली शाळा, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

स्टेटसची एक मर्यादा मला पुढे कळली. ज्यांच्याजवळ आपला क्रमांक जतन केलेला असतो त्यांनाच ते दिसते, तेही चोवीस तास. म्हणजे ती आपल्या अंगणातली हाक झाली. आपली माणसे घेतात, आनंदाने घेतात, परंतु एक घर वर्षाला पापड खाणार किती? शिवाय त्यांच्या खरेदीत थोडा मायेचा भाग असतो आणि मायेवर धंदा फार दिवस चालविणे बरे नव्हे. पापड जाड झाले तरी मैत्रीण सांगत नाही. सांगावयाला परकाच लागतो. त्याच वर्षी जूनअखेर टिकटॉकवर बंदी आली आणि जुलैत इन्स्टाग्रामने ‘रील’ सुरू केले. मुलीने माझे खाते उघडून दिले. आता ओळखदेख नसलेली माणसेही आमचे पापड पाहू लागणार होती.

येथून पुढचे लिहिताना मला संकोच होतो. पण तेच लिहावयाचे आहे.

खात्यावर मी फक्त पहिले नाव दिले आणि खाली ‘घरगुती पोहे पापड, पेण’ असे लिहिले. रीलमध्ये केवळ माझे हात दिसत. बांगड्या, पोळपाट, लाटणे, झरझर मोठा होत जाणारा पापड. लोकांना ते आवडे. चेहरा दिसत नसल्याने हाताकडे लक्ष जाते, असे मी मुलीला सांगत असे आणि तेही खोटे नव्हते. परंतु ज्या खोलीत मी लाटते तिच्या समोरच्या भिंतीवर तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर आहे. पहिल्या दिवशी चित्रीकरण करताना ती मागे दिसू लागली. मी मुलीला मोबाइल थोडा खाली धरावयास सांगितले. ती म्हणाली, ‘‘आई, खाली घेतला की उजेड कमी येतो.’’ मी म्हटले, ‘‘येऊ दे.’’ तिने खाली धरला. पुढे तर मी पोळपाटाची जागाच बदलली, म्हणजे दर वेळी सांगावयास नको.

त्या काळात नणंदेने सुचविले की खात्याला ‘डोलवीकर’ असे नाव द्यावे. कोकणात गावावरून आडनाव घेण्याची रीत जुनीच. साताऱ्याच्या शाळेत १९०० साली बाबासाहेबांचे नाव घातले गेले तेही आंबडवे या गावावरून आंबडवेकर असेच. त्यामुळे तिच्या सूचनेत वावगे काहीच नव्हते. तरीही मन घेईना. गावाच्या अभिमानाने ‘कर’ लावणे वेगळे आणि कोणी ओळखू नये म्हणून लावणे वेगळे. मी कशासाठी लावणार होते ते मला नीट ठाऊक होते. ‘डोलवीकर’ मी झाले नाही. पण आडनावही दिले नाही. मधल्या मध्ये राहिले.

दिवाळीच्या सुमारास मुंबईच्या उपनगरातील एका बाईंची ओळख झाली. अर्थात मोबाइलवरच. त्यांनी प्रथम एक किलो नेले, मग तीन, मग त्यांच्या इमारतीतील चार घरांसाठी मिळून अकरा किलो. बोलणे अगत्याचे. पापड कोरडे आहेत, तेल पीत नाहीत, असे त्या मोकळेपणाने लिहीत. एकदा त्यांनी विचारले, ‘‘तुम्ही पाटील का? तिकडे पाटील फार असतात ना?’’ मी उत्तर दिले, ‘‘माझे माहेर रोह्याकडचे.’’ या उत्तरात एकही असत्य शब्द नाही. वसतिगृहात पंचशील घेताना चौथ्या शिलापाशी भंतेजी थांबत आणि म्हणत की खोटे बोलण्यासाठी खोटा शब्द लागतोच असे नाही. तेव्हा आम्ही मुली एकमेकींकडे पाहून हसत असू, कारण ते नेहमी कोणाच्या तरी चोरून खाल्लेल्या चिवड्याला उद्देशून असे.

पुढच्या वर्षी मोठ्या मागणीपूर्वी त्या बाईंनी अन्न परवान्याची प्रत मागितली. ती मागणी योग्यच होती. वर्षाची उलाढाल बारा लाखांच्या आत असलेल्या माझ्यासारख्यांना तेव्हा वर्षाला शंभर रुपये शुल्कात नोंदणी मिळे. ती मी घेतली होती आणि तिचा चौदा अंकी क्रमांक पाकिटावर छापतही होते. प्रमाणपत्रावर मात्र माझे संपूर्ण नाव होते. मी प्रत पाठविली. दोन निळ्या खुणा उमटल्या. दुसऱ्या दिवशी उत्तर आले: ‘‘यंदा सध्या नको, कळवते.’’ त्यांनी पुन्हा कळविले नाही.

मी स्वतःला पुष्कळ कारणे सांगितली. भाव वाढला होता. इमारतीतील कोणाला तिखट लागले असेल. दुसरीकडे स्वस्त मिळाले असतील. यांपैकी एखादे खरेही असेल. मी कोणावर आरोप करीत नाही, आणि जे सिद्ध करता येत नाही ते छापूनही देत नाही. पण त्या रात्री जे टोचत राहिले ते बाईंचे वागणे नव्हते. परवाना पाठविण्यापूर्वी मी अर्धा तास मोबाइल हातात धरून बसले होते, प्रमाणपत्राचा वरचा भाग कापून नुसता क्रमांक पाठवता येईल का याचा विचार करीत. तो अर्धा तास टोचत होता.

कोल्हापूरच्या गंगाराम कांबळे यांची गोष्ट आपल्या शाळेत दर वर्षी शाहू जयंतीला कोणीतरी सांगतेच. त्यांनी ‘सत्यसुधारक’ नावाचे चहाचे हॉटेल काढले. अस्पृश्याच्या हातचा चहा प्यावयास गाव येईना. तेव्हा शाहू महाराज फेरफटक्याला निघाले की गाडी त्या हॉटेलासमोर थांबवीत, चहा मागवीत, स्वतः पीत आणि बरोबरच्या मानकऱ्यांनाही पाजीत, असे सांगतात. लहानपणी या गोष्टीत मला महाराजांचा मोठेपणा दिसे. आता मला त्यातली पाटी दिसते. हॉटेल कोणाचे हे सर्व गावाला ठाऊक होते. गंगारामांनी ते लपविले नव्हते, म्हणून तर महाराजांच्या तेथे चहा पिण्याला अर्थ आला. ते नाव झाकून बसले असते तर छत्रपतींनी तेथे चहा प्याल्याने कोल्हापुरात काय घडले असते? एका राजाने एक कप चहा प्याला, इतकेच.

दुसरी गोष्ट ‘मूकनायक’ची. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी ते पाक्षिक सुरू केले. त्याची जाहिरात पैसे देऊन छापून आणण्याची तयारी असतानाही ‘केसरी’ने ती घेतली नाही, हे इतिहासात नोंदलेले आहे. शंभर वर्षांनी माझ्यासारखीच्या हातात असे साधन आले की ज्याच्या दारात संपादक नाही, दरपत्रक नाही, कोणी ‘तुमची जाहिरात घेत नाही’ म्हणून परत पाठविणारा नाही. आणि अशा साधनावर मी काय केले, तर ज्या कारणासाठी पूर्वी दुसरे लोक आपली जाहिरात नाकारीत त्याच कारणासाठी माझे आडनाव मी आपल्या हाताने गाळले. बाहेरचा नकार मी घरीच तयार करून ठेवला होता.

हे इतके ठसठशीत मला त्या वेळी सुचले नाही, हे कबूल केले पाहिजे. त्या वेळी फक्त लाज वाटत होती, आणि मधूनमधून रागही: पापडाला नाव कशाला हवे, असा. अजूनही कधी वाटते की ज्या बहिणी आजही आडनाव झाकून मसाले, लोणची, केक विकतात त्यांना दोष देण्याचा मला अधिकार नाही. शाळेची फी भरण्याची तारीख पुढे ढकलली जात नाही. २०१६ साली चंद्रभान प्रसाद यांनी ‘दलित फूड्स’ या नावानेच लोणची आणि मसाले इंटरनेटवरून विकावयास काढले, तेव्हा त्यांच्यामागे लेखक म्हणून नाव होते. डोलवीच्या पडवीत बसून ते धाडस करणे निराळे आहे. त्यांचे मला कौतुक आहे. अनुकरण मी केले नाही.

मी केले ते फार लहान होते. पोळपाट जुन्या जागी आणला. बुद्धपौर्णिमेच्या आदल्या दिवशी मुलीने मोबाइल नीट उजेडात धरला. मी मान वर करून पूर्ण नाव सांगितले, डोलवी सांगितले, वडखळहून कसे यावयाचे ते सांगितले आणि पापड कसा लाटतात ते दाखविले. मागे तसबीर होती. तिच्याविषयी मी काही बोलले नाही. ती भिंतीवर असते म्हणून दिसली.

त्यानंतर विक्री दुप्पट झाली असे लिहिता आले असते तर लेखाला शोभा आली असती. तसे झाले नाही. पुढचे तीनचार महिने मागणी कमी होती. त्यात पावसाळाही आला, त्यामुळे किती कशाने कमी झाली ते सांगता येत नाही. काही जणांनी खाते सोडले. रीलखाली दोघांनी लिहिलेले मुलीने मला दाखविण्यापूर्वीच पुसून टाकले. ते काय होते ते मी विचारले नाही. उलट नागपूर, नांदेड, औरंगाबाद अशा दूरदूरच्या गावांहून ‘जयभीम ताई’ म्हणून निरोप आले आणि त्यांपैकी काहींनी मागणीही नोंदविली. नांदेडला पापड कुरिअरने पाठविले ते निम्मे तुटून पोचले. त्यांनी पैसे परत मागितले नाहीत, पण मी पुन्हा पाठविले, आणि तेव्हापासून पुठ्ठ्याचा गोल डबा वापरू लागले. ही माहिती नवीन व्यवसाय करणाऱ्या भगिनींना उपयोगी पडेल: पापड पिशवीत पाठवू नयेत.

एक फोन मात्र मला विसरता येत नाही. पेणमधील एक वृद्ध काकू, आपल्या समाजातील नव्हेत, आरंभापासून मिरगुंड नेत असत. त्यांच्या नातीने त्यांना रील दाखविले. संध्याकाळी त्यांचा फोन आला. मी उगाच उभी राहिले. त्या म्हणाल्या, ‘‘नाव ऐकलं हो तुझं. इतके दिवस सांगितलं नाहीस ते.’’ मी गप्प. मग म्हणाल्या, ‘‘बरं, यंदा मिरगुंडं दोन किलो जास्त कर. आणि मागच्या खेपेला हिंग कमी पडला होता.’’ हिंग खरोखरच कमी पडला होता.

आता दुसऱ्या बाजूची एक अडचण सांगते, कारण या विषयावर आपल्यात मोकळेपणी बोलले जात नाही. नाव जाहीर झाल्यावर आपल्यातीलच काही तरुण मुलांनी सल्ला दिला की पाकिटावर बाबासाहेबांचा फोटो छापा; चैत्यभूमीला ६ डिसेंबरला आणि १४ एप्रिलला मालच उरणार नाही. मुले प्रेमाने सांगत होती आणि त्यांचा हिशेब बहुधा बरोबरही होता. पण पाकीट म्हणजे काय? पापड तळले की ते चुरगळून कचऱ्यात जाते. आणि फोटो पाहून जो घेणार तो पापड कसा आहे हे पाहणारच नाही. पूर्वी मी तसबीर लपवून विकत होते. आता ती दाखवून विकणार होते. दोन्हींत पापड मागेच राहतो. मी नाही म्हटले. एका मुलाला ते पटले नाही. तो अजून भेटला की तोच विषय काढतो, आणि प्रत्येक वेळी एक किलो घेऊन जातो.

अंगुत्तर निकायात दुकानदारावर एक सुत्त आहे. त्याचे नाव ‘पापणिक’. पापणिक म्हणजे दुकानदार. पापाशी त्याचा संबंध नाही, हे भंतेजींना दर वर्षी सांगावे लागे. चांगल्या दुकानदाराची तीन लक्षणे त्यात येतात: माल ओळखण्याचा डोळा, खरेदी-विक्रीतील कौशल्य आणि निस्सय, म्हणजे आधार किंवा पत, सधन गृहस्थ ज्याला विश्वासाने भांडवल देतात अशी पत. पहिली दोन लक्षणे मला पेणच्या सात वर्षांच्या लाटण्याने दिली. तिसऱ्यापाशी मी अडले होते. भांडवल देणारा कोणाला देतो? ज्याला तो नावानिशी ओळखतो त्याला. माझे गिऱ्हाईकही आगाऊ पैसे पाठवून मला भांडवलच देते. मी मात्र त्याला अर्धे नाव देत होते. पनवेलच्या मैत्रिणीने २०२० मध्ये अडीच किलोचे पैसे माल पाहण्याआधीच पाठविले होते. तिला माझे संपूर्ण नाव पाचवीच्या हजेरीपटापासून माहीत होते.

तरी समितीस विनंती की माझी पाव पानाची जाहिरात स्वीकारावी; रक्कम सोबत पाठविली आहे. मजकूर असा घ्यावा: वर माझे, वडिलांचे व सासरचे असे संपूर्ण नाव, त्याखाली ‘पोहे पापड व मिरगुंड’, त्याखाली ‘मु. पो. डोलवी, ता. पेण, जि. रायगड’ आणि मोबाइल क्रमांक. ‘शुद्ध’, ‘अस्सल’, ‘एकमेव’ असे शब्द घालू नयेत. छायाचित्र हवे असल्यास मुलीने पाठविले आहे. त्यात मी पोळपाटावर बसले आहे आणि मागे भिंत दिसते. जागा कमी पडल्यास छायाचित्र गाळावे, नाव आखडू नये. आणि छपाईपूर्वी आडनाव एकदा तपासून घ्यावे. जुन्या स्मरणिकेत माझ्या काकांच्या आडनावातील ‘ळ’चा ‘ल’ झाला आहे आणि त्यांना त्याचे आजतागायत वाईट वाटते.